सुपरहिरो पूर्वकथापट

सुपरहिरो पूर्वकथापट : एखादी सुपरहिरो चित्रपटमालिका रुजल्यानंतर तिच्यातील पात्रांची त्याआधीची हकिगत सांगणारा चित्रपट. बोलण्यात त्याला सर्रास ‘प्रीक्वेल’ म्हणतात. कथा दुसरे महायुद्ध किंवा शीतयुद्ध अशा ओळखीच्या काळात घडत असेल, तर पटकथेवर दुहेरी बंधन येते : मालिकेत पुढे काय होणार हे ठरलेले असते आणि इतिहासात काय झाले हेही ठरलेले असते. या प्रकाराचे गुणदोष २०११ सालच्या ‘एक्स-मेन : फर्स्ट क्लास’ या चित्रपटात सर्वांत ठळक दिसतात, म्हणून येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

दिग्दर्शक मॅथ्यू व्हॉन यांच्या या चित्रपटाचे चित्रीकरण ऑगस्ट २०१०मध्ये सुरू झाले आणि जून २०११मध्ये तो प्रदर्शित झाला. दृश्यपरिणामांवर भिस्त असलेल्या चित्रपटाला एवढा अवधी फार तोकडा. काही उड्डाणदृश्यांत ती घाई दिसते. २०००च्या ‘एक्स-मेन’ या मूळ चित्रपटात इतरांची मने वाचणारा, धरून ठेवणारा चार्ल्स झेव्हियर आणि धातू हलवणारा एरिक लेनशर ऊर्फ मॅग्नेटो हे उतारवयातले, एकमेकांचा आदर राखून असलेले वैरी होते. येथे ते तरुण आहेत (जेम्स मॅकअव्हॉय व मायकेल फासबेंडर). कथा १९४४मध्ये सुरू होते आणि १९६२च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंगात (क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते) संपते. मूळ कॉमिकचा पहिला अंक १९६३चा, त्यामुळे निवडलेला काळ या पात्रांच्या जन्मकाळाला लागूनच आहे.

चार्ल्स चाकाच्या खुर्चीत बसणार आणि एरिक शत्रू होणार, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असते. ‘पुढे काय’ ही उत्सुकता उरत नाही. सगळा भार ‘कसे’ आणि ‘का’ यांवर येतो. ‘फर्स्ट क्लास’ हा भार एका नाण्यावर तोलतो. आरंभी २०००च्या चित्रपटातला, लहानगा एरिक छळछावणीचे फाटक वाकवतो तो प्रसंग नव्याने चित्रित केला आहे. मग कॅमेरा पुढच्या खोलीत जातो. डॉक्टर म्हणून वावरणारा सेबॅस्टियन शॉ (केव्हिन बेकन) लहानग्या एरिकला मेजावरचे नाणे नुसत्या इच्छाशक्तीने हलवायला सांगतो. ते हलत नाही. शॉ तीन आकडे मोजतो आणि मुलाच्या आईला गोळी घालतो. अठरा वर्षांनी एरिक तेच नाणे शॉच्या कपाळातून संथपणे आरपार नेतो. त्या क्षणी शॉचे मन चार्ल्सने धरून ठेवलेले असते, त्यामुळे वेदना चार्ल्सला भोगावी लागते. पुढच्या वैराचे कारण कुणी बोलून दाखवत नाही, संकलनच ते सांगते. शॉला मारण्यापूर्वी एरिक त्याचे विचार आपल्याला मान्य असल्याचे सांगतो. हे या पटकथेतले सर्वांत धारदार वळण आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे चार्ल्सला संतपणातून सोडवले आहे. तो ऑक्सफर्डमधला लाडावलेला पोरगा आहे, जनुकशास्त्राच्या गप्पा मारून मुली पटवतो आणि निळ्या कातडीच्या रेव्हनला (जेनिफर लॉरेन्स) रूप लपवायचा सल्ला देतो. ती शेवटी एरिकबरोबर जाते ते म्हणूनच पटते. फासबेंडर स्वित्झर्लंड आणि अर्जेंटिनातल्या प्रसंगांत फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन बोलतो. नाझींचा माग काढणाऱ्या माणसाचे एकटेपण त्यातून आपोआप येते. (अखेरच्या भागात त्याच्या इंग्रजीत आयरिश हेल डोकावतो, ही गोष्ट वेगळी.)

दोष मात्र याच इतिहासाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. १९४४ हे साल एरिकच्या अंगावर कोरलेले आहे. १९६२ हे बरेचसे नेपथ्य आहे. म्युटंट म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती लाभलेली माणसे; त्यांच्या कथेत भेदभाव हाच विषय असतो. १ ऑक्टोबर १९६२ रोजी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेता यावा म्हणून संघराज्याचे मार्शल आणि सैन्य लागले होते. त्याच महिन्यात घडणाऱ्या या कथेत त्याचा मागमूस नाही. उलट, कोणत्याही संकटाशी जुळवून घेणे हीच ज्याची शक्ती, तो कृष्णवर्णीय डार्विन नव्या चमूत पहिला मरतो आणि एंजल ही श्वेतेतर मुलगी शत्रूला मिळते. सीआयएची अधिकारी मोइरा एका क्लबात शिरते ती अंतर्वस्त्रांवर, आणि शॉच्या टोळीतल्या एमा फ्रॉस्टच्या वाट्याला पोशाखाखेरीज फारसे काही येत नाही.

क्यूबाचा प्रसंगही आटवून घेतला आहे. प्रत्यक्षात केनेडींनी २२ ऑक्टोबरला नाकेबंदी जाहीर केली. तिची रेषा क्यूबापासून सुमारे ५०० सागरी मैलांवर होती आणि तोडगा पडद्याआडच्या वाटाघाटींतून निघाला. चित्रपटात दोन्ही आरमारे किनाऱ्यावरून दिसतील इतकी जवळ येतात. नाट्यासाठी हे क्षम्य. पण युद्ध टळण्याचे श्रेय म्युटंटांकडे गेले की ज्या माणसांनी माघार घेतली त्यांचा निर्णय हलका होतो. नायकांचे जेट एसआर-७१ या अमेरिकी टेहळणी विमानाची आठवण करून देते. ते विमान प्रथम उडाले डिसेंबर १९६४मध्ये.

सांधे जुळवण्यातले दोष चाहत्यांना जास्त खुपतात. २०००च्या चित्रपटात चार्ल्स आपण सतरा वर्षांचे असताना एरिकला भेटल्याचे सांगतो. येथे दोघे भेटतात ते प्रौढ वयात. २००६च्या तिसऱ्या भागात, वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगात चार्ल्स चालताना दिसतो. येथे १९६२मध्येच त्याचे पाय जातात. ही ओढाताण कथेच्या सोयीने आलेली आहे. मैत्री तुटणे, पाय जाणे आणि चार्ल्सची मनःशक्ती रोखणारे शिरस्त्राण एरिकला मिळणे हे सगळे एकाच दुपारी समुद्रकिनाऱ्यावर उरकायचे ठरले की वर्षानुवर्षांची मैत्री काही आठवड्यांची होते. हाच या चित्रपटाचा खरा तोटा आहे. तारखांची चूक त्यामानाने किरकोळ.

त्याच वर्षीच्या ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अव्हेंजर’ने इतिहास वेगळ्या तऱ्हेने वापरला. नायकाला आधी युद्धरोखे विकणारा रंगमंचावरचा बाहुला करणे ही उत्तम कल्पना. १९४१च्या कॉमिकच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतो आणि चित्रपट त्याचाच तमाशा करून दाखवतो. नंतर मात्र नाझी बाजूला पडतात आणि निळा प्रकाश फेकणारी हायड्रा संघटना पुढे येते. नायकाच्या तुकडीत गोरे-काळे सैनिक सहज एकत्र लढतात. अमेरिकी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश निघाला १९४८मध्ये. पहिल्या महायुद्धात घडणाऱ्या ‘वंडर वुमन’मध्ये (२०१७) खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीवरची चाल अविस्मरणीय आहे, पण १९३७पर्यंत जगलेला जर्मन जनरल लुडेनडॉर्फ त्यात १९१८मध्येच मरतो.

रहस्य उलगडण्याची हौस हा आणखी एक सापळा. मार्व्हल चित्रपटांतल्या हेरसंघटनेचा एकाक्ष प्रमुख निक फ्युरी याने आधीच्या एका चित्रपटात सांगितले होते, की मागच्या वेळी कुणावर विश्वास टाकला आणि डोळा गमावला. ‘कॅप्टन मार्व्हल’ने (२०१९) १९९५मधल्या कथेत तो डोळा मांजरासारख्या प्राण्याच्या ओरखड्याने घालवला. विनोद झाला, जुने वाक्य मात्र पोकळ झाले.

‘फर्स्ट क्लास’च्या पुढच्या भागांनी दर वेळी सुमारे दहा वर्षांची उडी घेतली : १९७३, १९८३, १९९२. कलावंत बहुतांशी तेच राहिले. १९४४मध्ये शाळकरी वयाचा असलेला एरिक १९९२मध्ये साठीत असायला हवा. ‘डार्क फिनिक्स’मध्ये (२०१९) तो चाळिशीतला दिसतो.