सेल्डनचं गणित परत तपासताना

आयझॅक असिमोवच्या फाउंडेशन या विज्ञानकथा-मालिकेची पहिली तीन पुस्तकं माळ्यावर सापडली, अकरावीच्या सुट्टीत फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली, पानं पिवळी पडलीत, एकाची तर पाठच निघालीय, पण वाचायला बसलो आणि चार रात्रीत तिन्ही संपली. तेव्हा मी फिदा होतो त्यातल्या सायकोहिस्टरी नावाच्या काल्पनिक शास्त्रावर. म्हणजे एकटा माणूस उद्या काय करेल ते सांगता येत नाही पण अब्जावधींचा घोळका काय करेल ते गणिताने सांगता येतं, आणि गोष्टीतला गणिती हॅरी सेल्डन हेच गणित मांडून सांगतो की १२ हजार वर्षं टिकलेलं साम्राज्य कोसळणार, पुढे ३० हजार वर्षं अंधार, पण आत्ताच तयारी केली तर तो १ हजार वर्षांत आटपेल.

असिमोव केमिस्ट्रीवाला होता आणि ही आयडिया सरळ वायूंच्या अभ्यासातून उचललेली आहे. एक लिटर हवेत साधारण २५ वर २१ शून्यं इतके रेणू असतात, सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धडका मारत फिरणारे, त्यातला एक कुठे जाईल देव जाणे, पण सगळ्यांचा मिळून दाब मात्र अगदी स्थिर. नाण्यांचं पण तसंच. १०० नाणी उडवली की छापे ५०च्या साधारण ५ मागेपुढे येतात, म्हणजे एकूण नाण्यांच्या ५ टक्के. १० लाख उडवली तर फरक ५००च्या आसपास, म्हणजे फक्त ०.०५ टक्के. आकडा वाढला की गोंधळ आपोआप विरतो.

अकरावीत मी इथेच थांबलो होतो. गोम अशी आहे की नाणी एकमेकांकडे बघून पडत नाहीत. समजा त्याच १० लाख नाण्यांचे हजार-हजारचे गठ्ठे फेविकॉलने चिकटवले आणि मग उडवले, तर फरक ५०० वरून एकदम १६ हजारांच्या घरात जातो, कारण आता खरी नाणी हजारच उरली ना. आणि माणसं म्हणजे चिकटलेली नाणीच की हो! २१ सप्टेंबर १९९५ आठवा, गणपती दूध पितो म्हणून सकाळी बातमी सुटली आणि दुपारपर्यंत देशभर देवळांसमोर रांगा, तेही व्हॉट्सॲप नसताना. हवेतल्या रेणूंमध्ये असली अफवा पसरत नाही.

असिमोवला याची कुणकुण होती असं आता वाटतं. सेल्डनची अटच आहे की लोकांना भाकीत कळता कामा नये, कळलं की ते वागणं बदलणार. आणि मग तो म्यूल येतो, लोकांच्या भावना फिरवणारा एकटा म्युटंट, सगळा प्लॅन उधळून लावतो. तेव्हा मला त्याचा प्रचंड राग आलेला (इतकं सुंदर गणित आणि हा कोण उपटसुंभ!), आता तोच भाग सगळ्यात प्रामाणिक वाटला, कारण एक रेणू बाकीच्यांना असा आपल्या मागे ओढू शकत नाही, माणूस ओढतो.

बाकी एक गंमत. १९५१च्या त्या पहिल्या पुस्तकात सेल्डन कमरेच्या पिशवीतून छोटा कॅल्क्युलेटर काढतो आणि त्यावर लाल चिन्हं चमकतात, तसे लाल आकड्यांचे खरे कॅल्क्युलेटर १९७०च्या दशकात लोकांच्या खिशात आले. यंत्राचा अंदाज एवढा परफेक्ट, पण हजारो वर्षांनंतरच्या त्याच समाजात पुरुष बसून सिगार ओढतायत आणि बाई शोधायला निम्म्याहून जास्त पुस्तक उलटावं लागतं.