घाटात गाडी ओढत नाही: क्लच घसरतोय की इंजिन कमी पडतंय?

सुरूर फाट्यापासून वाईपर्यंत गाडी कुरकुर न करता येते. वाई मागे पडून पसरणीचा घाट सुरू झाला की दोन-चार वळणांतच दम टाकते. जुनी गाडी घेतलेल्यांकडून साताऱ्यात ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि गॅरेजात ती एकाच वाक्यात सांगितली जाते: "मिस्त्री, गाडी ओढत नाही."

या वाक्यामागे दोन अगदी वेगळी दुखणी असू शकतात. एकात इंजिन पुरेशी ताकद देतं, पण क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा-सोडणारा भाग, घसरत असल्यामुळे ती चाकांपर्यंत पोचत नाही. दुसऱ्यात क्लच ठणठणीत असतो, इंजिनच कमी पडतं. बैल दमले काय किंवा जू निसटलं काय, गाडी चढावरच अडते. पण पहिल्या दुखण्यात गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा क्लचचा सगळा सेट बदलावा लागतो. दुसऱ्यात कित्येकदा एका फिल्टरवर काम भागतं. दुखणं न ओळखता गिअरबॉक्स खाली आला, तर हजारो रुपये जातात आणि गाडी पुन्हा त्याच वळणावर अडते. साध्या कमाईतून सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला हा फटका फार लागतो.

गोंधळ होण्याचं मुख्य कारण असं, की दोन्ही दुखणी सपाटीवर लपतात. सपाट रस्त्यावर इंजिनाला थोडीच ताकद लागते, त्यामुळे झिजलेला क्लचही ती पेलतो आणि अर्धवट तुंबलेल्या डिझेल फिल्टरमधूनही पुरेसं डिझेल मिळतं. मेकॅनिक महामार्गावर एक फेरी मारून "गाडी चांगली आहे" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याने गाडी चढावर पाहिलेलीच नसते.

ओळखायला दोन काटे पुरतात, वेगाचा आणि आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा). क्लच पूर्ण सोडलेला असेल, तर एका गिअरमध्ये या दोघांचं प्रमाण पक्कं असतं. ते गिअरच्या दात्यांवर ठरतं, चढामुळे किंवा आत माणसं जास्त बसल्यामुळे बदलत नाही. समजा, तुमच्या गाडीत चौथ्या गिअरला ६० च्या वेगाला आरपीएम २००० दाखवतो. मग ७५ ला तो २५०० च्या आसपास असणार. सपाटीवर आपल्या गाडीचे हे आकडे एकदा बघून लिहून ठेवा. घाटात त्याच गिअरला ६० वरच असताना काटा २८०० वर चढला, तर क्लच घसरतोय. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही दोन्ही काटे एकमेकांना धरून खाली येत असतील, तर क्लच आपलं काम करतोय आणि दोष इंजिनाकडे आहे. जुन्या मारुती ८०० सारख्या आरपीएमचा काटा नसलेल्या गाडीत कानावर भिस्त ठेवा. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी तिथंच रेंगाळते. इंजिन कमी पडत असेल, तर आवाजही गाडीबरोबर बसत जातो.

क्लच आधी वरच्या गिअरमध्ये घसरू लागतो, कारण तिथं गाडीचा भार इंजिनावर जास्त येतो. तापला की आणखी घसरतो, म्हणून सकाळी निघताना ठीक वाटणारी गाडी घाटाच्या मध्यावर बिघडते. जळका, उग्र वास ही दुसरी खूण. मात्र ब्रेक तापल्यावरही तसाच वास येतो. तेव्हा वास चढताना आला की उतरताना, हे लक्षात ठेवा. पाचगणीहून वाईला उतरताना येणारा वास बहुधा ब्रेकचा असतो. केबलच्या क्लचमध्ये पेडल अगदी वर आल्यावर क्लच लागत असेल, तर आधी केबलचं अ‍ॅडजस्टमेंट तपासून घ्या. पेडलला मोकळी चाल उरली नसेल, तर चांगली प्लेटही पुरती दाबली जात नाही आणि घसरते. हे काम काही मिनिटांचं आहे, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

एक जुनी चाचणी बरेच जण सांगतात: हँडब्रेक ओढून गाडी तिसऱ्या-चौथ्यात टाकायची, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच चांगला, चालूच राहिलं तर गेला. चाचणी खरी आहे, पण मोकळ्या सपाट जागी, पुढे कुणी नसताना, एकदाच करा. वारंवार केल्याने क्लच जळतो. शिवाय नुकता घसरू लागलेला क्लच यात पास होतो आणि घाटात नापास. त्यामुळे माझा भरवसा घाटावरच जास्त आहे.

आता दोष इंजिनाकडे निघाला, तर मागचा धूर बघा. डिझेल गाडी चढावर काळा धूर टाकत असेल, तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय. आपल्याकडे ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे शेतरस्त्यांची इतकी धूळ उडते, की एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी भरतो. तो काढून उजेडात धरायला कुशल हात लागत नाहीत. पण फिल्टर न घालता गाडी चालवून बघू नका, ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप हाताने चाचपून पाहा. जोडाजवळ तेलकट ओल आणि चढावर फुसफुस आवाज असेल, तर पाइप फाटला आहे किंवा क्लिप सैल झाली आहे.

धूर नाही आणि गाडी नुसतीच मरगळते, तर डिझेल फिल्टरवर संशय घ्या. आधीच्या मालकाने तो कधी बदलला हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. त्यात पाणी साचलेलं असू शकतं, ते खालच्या ड्रेन स्क्रूतून काढता येतं. चेक इंजिनचा दिवा लागून गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जातच नसेल, तर गाडीतल्या संगणकाने बिघाड ओळखून इंजिनाला मुद्दाम आवरून धरलं आहे. अशा वेळी स्कॅनरवर आधी बिघाडाचा कोड वाचून लिहून घ्यायला सांगा, मगच तो पुसू द्या.

उंचीचाही थोडा वाटा असतो. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं, आणि वाईहून पाचगणी जवळपास ६०० मीटर उंच आहे. जुन्या पेट्रोल गाडीत हा फरक जाणवतो. तो बिघाड समजू नका. तसंच पावसाळ्यात महाबळेश्वरला हँडब्रेक लावून दोन-चार दिवस उभी राहिलेली गाडी निघताना जड वाटली, तर थांबून चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक तापलं असेल, तर ब्रेक अडकला आहे.

सर्वांत फसवी अवस्था दोन्ही दुखणी एकत्र असण्याची. दमलेलं इंजिन झिजलेल्या क्लचला सांभाळून घेत असतं. टर्बोचा पाइप बदलला, इंजिनाला पूर्ण ताकद आली, की आठवड्याभरात क्लच घसरू लागतो आणि मालक मिस्त्रीवर चिडतो. मिस्त्रीने काही बिघडवलेलं नसतं. क्लच आधीच संपत आला होता, त्याच्यावर भार आता आला. म्हणून इंजिनाचं काम झाल्यावर गाडी पुन्हा घाटात नेऊन काटे बघा.

गाडी विकत घेणार असाल, तर सौद्याआधी ती साताऱ्यातून यवतेश्वर घाटात घेऊन जा. आत तीन-चार माणसं बसवा. मोकळा चढ सापडला की तिसऱ्यात थोड्या कमी वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि एकाला फक्त काट्यांकडे बघायला सांगा. क्लच घसरताना दिसला, तर त्याच्या पूर्ण सेटचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. पुढे काम काढाल तेव्हा गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मागचा ऑइल सील आणि गिअरबॉक्सचा पुढचा सील तपासून घ्या. त्यातलं तेल प्लेटवर उतरत असेल, तर नवी प्लेटही घसरते.