राखणदार कोंबडा आणि मारका कोंबडा: दोन पावलं मागे सरल्यावर दिसणारा फरक

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी गल्लीतली सात-आठ लेकरं आपापले लाकडी नंदी ओढत आमच्या फाटकात बोजारा (सणाचा खाऊ-पैसे) मागायला आली. चाकांचा खडखडाट ऐकून सांदवाडीतला (परसातला) गावरानी कोंबडा धावत पुढे आला. मानेची पिसं फुलवली आणि लेकरं व कोंबड्या यांच्या मधोमध आडवा उभा राहिला. सारखा 'कट्-कट्-कटाक' ओरडत होता. एक चिमुकली रडायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कापून टाका बापा याले. एखाद्या दिवशी लेकराचा डोया फोडन."

मी त्यांचं ऐकलं, आणि त्याची चुटपुट अजून आहे. आमचं घर नागपुरात हुडकेश्वरकडे, बाजूला झुडपं माजलेला रिकामा प्लॉट. कोंबडा गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत मुंगसानं भरदिवसा दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) उचलल्या. आधी ओरडून सांगणारा कोणी उरलाच नव्हता. पुढे आठवडी बाजारातून दुसरा कोंबडा आणला. उंच, तांबूस, रुबाबदार. फाटकावर कोणी आलं तरी ओरडायचा नाही, म्हणून घरात सगळ्यांना आवडला. एक दिवस मी वाकून पाण्याचं भांडं उचलत होते, तेव्हा त्यानं मागून येऊन पोटरीवर दोन्ही पाय मारले. एक आवाज नाही की इशारा नाही.

पहिला राखणदार होता, दुसरा मारका. आपल्याकडे मारका बैल, मारकी म्हैस असं म्हणतातच, तोच शब्द इथे नेमका बसतो. पहिल्या दहा सेकंदांत दोघं सारखेच दिसतात, म्हणून भलत्याचाच बळी जातो.

राखणदाराचं काम आधी कोंबड्यांकडे बघून समजून घ्यावं लागतं. एका कोंबड्याच्या मागे आठ-दहा कोंबड्या असतात. त्या माती उकरत असताना तो मात्र मान वर करून उभा असतो. त्याचे इशाऱ्याचे आवाज वेगवेगळे असतात. जमिनीवरून मांजर, कुत्रं, मुंगूस आलं की तुटक, जोरदार 'कट्-कट्-कटाक', आणि कोंबड्या माना ताणून इकडेतिकडे बघतात. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की लांबट, बारीक, किंचाळल्यासारखा सूर, आणि त्या क्षणी सगळ्या जागच्या जागी दबतात नाहीतर झुडपात शिरतात. नुसता आवाज ऐकवूनही कोंबड्या त्या-त्या धोक्याप्रमाणे वागतात, हे प्रयोगांतही दिसून आलं आहे. खाण्याची तऱ्हाही बघण्यासारखी असते. तांदळाच्या कणकीचा दाणा किंवा किडा सापडला की राखणदार तो चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि 'कुक्-कुक्' करत कोंबड्यांना बोलावतो.

अशा कोंबड्यासमोर तुम्ही कोंबडीला पकडलं, ती केकाटली, तर तो अंगावर येणारच. नवा माणूस, नवी लाल बादली, फडफडणारी ओढणी, धावणारं लेकरू, यातलं काहीही त्याला धोका वाटू शकतं. आता करायची गोष्ट एवढीच: कोंबडी सोडा, तोंड त्याच्याकडेच ठेवा, घाई न करता दोन पावलं मागे सरा आणि बघा. राखणदार तिथेच थांबतो. एकदोनदा ओरडतो, पिसं खाली बसवतो आणि कोंबड्यांकडे परत जातो. कारण संपलं की त्याचं भांडण संपलं.

मारका तसा परतत नाही. कोंबड्या मागे पांगल्या, मांजर आलं, गेलं, त्याचं लक्षच नसतं. त्याची नजर तुमच्यावर. तुम्ही सरलात की तो पुढे येतो, पाठ वळवलीत की धावतो. बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण त्याला कोणाला सावध करायचंच नसतं. फाटक, नळ, खुराड्याचं दार अशा ठरलेल्या जागी तो वाट बघतो. आमचा तांबूस कोंबडा तर सकाळी खुराडं उघडताच कोंबड्यांच्या आधी बाहेर पडून थेट माझ्या पायांकडे यायचा. बाहेर ज्वारी टाकलेली असायची, तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही.

एका खुणेवरून बरेच फसतात. कोंबडा एक पंख खाली सोडून, तो जमिनीला घासत, अर्धगोल फेरी मारत जवळ येतो. पाहणारे म्हणतात, "बघा, कसा नाचतो!" कोंबडीसमोर हे प्रणयाचं असतं. माणसासमोर तेच केलं तर तो लाड करत नाही, तुम्हाला दुसरा कोंबडा समजून आव्हान देतो. या फेरीनंतर उडी येऊ शकते, म्हणून कौतुकानं खाली वाकू नका.

असील जातीच्या कोंबड्याबद्दलही एक गैरसमज आहे. हा झुंजीचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे तो माणसावरही येणारच असं लोक धरून चालतात. दोन असील एका अंगणात ठेवले तर ते एकमेकांचा जीव घेतील हे खरं, पण माणसाच्या हाताळण्याला असील पुष्कळदा शांत असतात. कोंबड्याशी लढणं आणि माणसावर येणं या दोन वेगळ्या गोष्टी. उलट, कुठलीच ख्याती नसलेला साधा गावरानी कोंबडा कट्टर मारका निघू शकतो.

वयाकडेही बघा. चार-सहा महिन्यांचा होताना कोंबड्याच्या अंगात संप्रेरकं उसळतात. तुरा लाल होतो, बांग फुटते, आणि तो सगळ्यांना आजमावून बघतो. या काळातल्या दोन-चार उड्यांवरून त्याच्यावर शिक्का मारू नका. काही वर्षभरात निवळतात. मात्र त्याच काळात तो तुमच्याकडून शिकतही असतो. प्रत्येक वेळी तुम्ही किंचाळून पळालात तर उडी मारली की समोरचा हरतो, हे त्याला पक्कं कळतं. चांगला राखणदार अशानंच मारका होतो. लेकरांनी काठीनं डिवचलं, खडे मारले, तर आणखी लवकर होतो. आणि एकटं पिल्लू घरात हातावर वाढवलं, त्याला माणसाची भीड उरली नाही, तर मोठेपणी तो माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो, हे कोंबड्या पाळणारे सांगतात आणि मीही पाहिलं आहे.

शांत असलेला जुना कोंबडा अचानक बिथरला तर आधी त्याला तपासा. पायाच्या तळव्याला गाठ किंवा सूज आहे का, पंखांखाली उवा-गोचिडं आहेत का, डोळा बिघडलाय का. दुखऱ्या पाखराची चिडचिड वेगळीच असते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कोंबडाही दाखवता येतो. पुष्कळांना वाटतं तिथे फक्त गाई-म्हशी आणि कुत्री नेतात.

राखणदाराच्या बाबतीत बदल आपल्यात करायचा. कोंबडी धरायची असेल तर अंधार पडल्यावर खुराड्यातून धरा, त्याच्या डोळ्यांदेखत नको. दाणे टाकताना त्याच्या कळपातून आरपार चालू नका, कडेकडेनं जा. नवा माणूस आणायचा तर दोन-तीन दिवस फाटकाबाहेरूनच त्याला दिसू द्या. बस, त्याला एवढं पुरतं. मला हे त्या तान्ह्या पोळ्याला ठाऊक असतं तर मी लेकरांना दोन पावलं मागे घेतलं असतं आणि तो आपसूक परत फिरला असता.

मारक्याला मेहनत लागते. लाथ मारू नका. तो तिला लढाई समजतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरानं येतो. शिवाय लाथेनं छातीचं हाड मोडू शकतं. पळूही नका. जाड पँट आणि गमबूट घाला, हातात डालं (कोंबड्या झाकायची टोपली) घ्या. तो आला की ताठ उभे राहा, डालं ढालीसारखं पुढे धरा, त्याला उडी मारायला जागाच देऊ नका. मग तेच डालं त्याच्यावर झाका आणि पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा. आपल्या आज्या हेच करत आल्या. अंधारात कोंबडा शांत होतो, आणि उडीनं काही साधत नाही हेही त्याला कळतं. रात्री त्याला दांडीवरून उचलून, दोन्ही पंख अंगाशी दाबून, थोडा वेळ काखेत धरून फिरवलं तर हाताची सवय होते. हातातून दाणे मात्र देऊ नका. टाका आणि निघून जा. हे सगळं रोज करायचं, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी सारखंच करायचं. एकानं डालं झाकायचं आणि दुसऱ्यानं ओरडत पळायचं, तर सगळं वाया. उन्हाळ्यात हे पहाटेच उरका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि कोंबड्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकूनच थंड होतो. दुपारच्या झटापटीत तो मरू शकतो.

त्याच्या पायामागचा काटा वाढला असेल तर फक्त टोक कानशीनं घासून बोथट करा. मुळापासून कापायचा नाही. आत जिवंत भाग असतो, त्यातून रक्त येतं.

महिना-दीड महिना नेटानं केलं आणि तरी तो मागून येतच राहिला तर निर्णय घ्या. घरात लहान लेकरू असेल तर महिनाही थांबू नका, त्याच दिवशी कोंबडा वेगळ्या पिंजऱ्यात गेला पाहिजे. मोठ्या माणसाची पोटरी ज्या उंचीवर असते, त्याच्या जरा वर रांगत्या-चालत्या लेकराचा चेहरा असतो. काट्याची जखम वरून टिचभर दिसते पण खोल जाते. साबण-पाण्यानं नीट धुवा आणि डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डोळ्याच्या आसपास लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

आमचा तांबूस कोंबडा शेवटी आम्ही कापला. बाजारात विकता आला असता, चार पैसे जास्त मिळाले असते. पण पूर्व विदर्भात कोंबड बाजार भरतात, तिथे पायाला काती (धारदार पातं) बांधून झुंजी लावतात, आणि असा तापट कोंबडा नेमका तिकडेच पोचतो. जनावरांना झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तो दिला नसता. माहितीच्या घरी द्यायचा तर त्याचं वागणं आधी सांगून द्या.

त्याची पिल्लंही मी काढली नाहीत, कारण स्वभाव रक्तातून उतरतो. इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. कोंबडा गेल्यावरही दोन-तीन आठवडे कोंबड्या त्याचीच फलित अंडी देतात, बी त्यांच्या पोटात टिकून राहतं. म्हणून नवा, शांत कोंबडा आणला तरी पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खाण्यात वापरा. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी त्यानंतरची घ्या.