शोक की डिप्रेशन? वरून सारखं, आतून वेगळं

घरातलं माणूस गेलं की दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी म्हणतंच, "अजून रडतात काकू? डॉक्टरांना दाखवा, डिप्रेशन असेल." याच्या उलटही घडतं. बाई खरोखर आजारी असते, पण "नवरा गेलाय, एवढं होणारच" म्हणून वर्षभर तिला कुणी दवाखान्याची पायरी चढू देत नाही. यातली दुसरी चूक मला जास्त महाग वाटते.

गफलत होते कारण लक्षणं तीच असतात. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, कशात लक्ष लागत नाही, वजन उतरतं. नुसती यादी करून तपासलं तर दोघांना सारखेच गुण मिळतील. फरक कळायला माणसाजवळ थोडा वेळ बसावं लागतं. शोकातल्या काकू सवयीने दोन कप चहा टाकतात, दुसरा कप बघून रडतात आणि दहा मिनिटांनी काका भाजीवाल्याशी कशी घासाघीस करायचे ते सांगताना हसतातही. दुःख उमाळ्याने येतं, तिथी, फोटो, आवडीचा पदार्थ असं काही निमित्त झालं की उसळतं, मग जरा ओसरतं. डिप्रेशनमध्ये अशी उसंत फारशी नसते. नातू मांडीवर येऊन बसला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही.

अपराधीपणाचंही तसंच. "त्यांना लवकर मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं होतं" हे शोकातलं वाक्य, त्याचा विषय गेलेला माणूस. "मी कुणाच्याच कामाची नाही, सगळ्यांना ओझं झालेय" यात गेलेला माणूस कुठेच नाही. मरणाचा विचार दोन्हींत येऊ शकतो, पण एकात त्यांच्याकडे जायची ओढ असते, दुसऱ्यात आपण जगायच्या लायकीचे नाही ही खात्री. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याने 1917 मध्येच लिहून ठेवलं होतं, की शोकात जग रितं होतं आणि विषण्णतेत, म्हणजे आपल्या भाषेत डिप्रेशनमध्ये, 'मी'च रिता होतो.

एवढं स्पष्ट असूनही मनोविकारांच्या अधिकृत व्याख्येत ही सीमारेषा सारखी सरकत आली आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम' या निदान-पुस्तिकेत 1980 पासून शोकाला सूट होती: लक्षणं डिप्रेशनची दिसली तरी ताज्या मृत्यूनंतर ते निदान सहसा करायचं नाही. 1994 च्या चौथ्या आवृत्तीत या सवलतीला दोन महिन्यांची मुदत आली. आत्महत्येचे विचार किंवा भ्रम असतील तर त्याआधीही निदान करता येई.

2013 मध्ये पाचव्या आवृत्तीने ही सूटच काढून टाकली आणि मोठा वाद पेटला. सूट काढणाऱ्यांचा सवाल होता, की घटस्फोटानंतर किंवा नोकरी गेल्यावर हीच लक्षणं आली तर आपण उपचार करतो, मग मृत्यूनेच काय वेगळं केलं? विरोधकांत चौथ्या आवृत्तीचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस स्वतः होते. त्यांचं म्हणणं, डिप्रेशनच्या निदानाला नऊपैकी पाच लक्षणं दोन आठवडे टिकली की पुरतं, म्हणजे साध्या दुःखालाही गोळी लागणार. मला दोघांचंही पटतं. सूट काढणं तर्काला धरून होतं, पण दोन आठवडे? आपल्याकडे तेरावा जेमतेम उरकलेला असतो!

मग 2022 मध्ये त्याच पुस्तिकेच्या सुधारित आवृत्तीत तिसरी गोष्ट आली, 'दीर्घकालीन शोकविकार'. प्रौढ माणसात मृत्यूला किमान वर्ष उलटूनही ओढ किंवा त्याच माणसाचे विचार जवळजवळ रोज छळत असतील, तो गेलाय हे मन मानत नसेल, रोजचं जगणं अडून बसलं असेल, तर हे निदान. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत हीच मुदत सहा महिने आहे, शिवाय हा शोक त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त हवा अशी अट आहे. एकाच विकाराला एक पुस्तक सहा महिने देतं, दुसरं बारा. हे आकडे तज्ज्ञांनी बसून ठरवलेले आहेत, रक्ततपासणीतून आलेले नाहीत. त्यातल्या त्यात बारा महिने मला आपल्या वर्षश्राद्धाच्या हिशेबाला जवळचे वाटतात.

हे भांडण नुसतं नावापुरतं नाही, कारण उपचार वेगळे पडतात. 2016 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ कॅथरीन शिअर आणि सहकाऱ्यांनी अडकून पडलेल्या शोकावरची चाचणी प्रसिद्ध केली. शोकासाठी खास आखलेल्या समुपदेशनाने लोक सुधारले. सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीने शोकात लक्षणीय फरक पडला नाही, मात्र समुपदेशनाला तिची जोड दिली तेव्हा डिप्रेशनची लक्षणं जास्त कमी झाली.

म्हणजे एकाच माणसात दोन्ही असू शकतात आणि दोन्हींकडे वेगवेगळं बघावं लागतं. ते डॉक्टर बघतील. घरच्यांनी कान द्यायचा तो "मी ओझं आहे", "मी नसलेलीच बरी" अशा बोलण्याकडे. ते ऐकू आलं तर किती महिने झाले हे मोजत बसू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.