‘हो’ म्हटल्याने ओसीडी जात नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजून ऐकू येतं: ओसीडी म्हणजे अति सोवळं, घरच्यांनी सांभाळून घेतलं की जातं. हे खरं नाही. ओसीडी हा मनाचा आजार आहे: नकोशी भीती पुन्हा पुन्हा येते आणि ती शमवायला माणूस तेच तेच करत राहतो. उलट हे सांभाळून घेणंच उपचाराच्या आड येतं. ‘आई, कडी लावलीस ना गं?’ याला विसाव्यांदा ‘हो बाळा’ म्हटलं की भीती घटकाभर निवते, मग पुन्हा डोकं वर काढते. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या पद्धतीत रुग्ण भीतीला सामोरा जातो, पण हात धुणं, तपासणं रोखतो. त्यात घरचा रोजचा सराव फार महत्त्वाचा. तीव्र नैराश्य असेल तर त्यावरही उपचार हवेत. आईलाही थेरपिस्टकडे न्या, आणि उत्तरं एकदम तोडू नका, ठरवून कमी करा. कन्नड येत नाही म्हणून अडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.