हौशी रेडिओ केंद्र : संचाची निवड आणि उभारणी (नाशिक परिसर)

हौशी रेडिओ केंद्र म्हणजे परवानाधारक व्यक्तीने, कमाईचा हेतू न ठेवता, दुतर्फा बिनतारी संवादासाठी उभारलेले केंद्र. ते घरातल्या टेबलावर असते, गाडीत असते, नाहीतर पाठपिशवीत घालून डोंगरावर नेलेले असते. ते चालवणाऱ्याला हॅम म्हणतात आणि त्याच्या खोलीला, मग ती जिन्याखालची अडगळ का असेना, शॅक. १९२१ मध्ये केंद्र सुरू करणारे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे भारतातले पहिले हॅम मानले जातात.

केंद्राचे भाग चार: संच, वीजपुरवठा, केबल आणि अँटेना. डोळ्यांत भरतो तो संच, आणि नवशिक्याचे पैसेही बहुधा त्यातच संपतात. अँटेनाच्या वाट्याला उरलेसुरले येते. चहूबाजूंनी डोंगर आणि मधून गोदावरी अशी ठेवण असलेल्या नाशिकमध्ये हा हिशेब उलटा मांडावा लागतो. आधी अँटेना कुठे आणि किती उंच बसेल ते बघायचे, मग तिथपर्यंत केबल किती लागेल ते मोजायचे, आणि राहिलेल्या पैशांत संच घ्यायचा.

परवाना

या सगळ्याच्याही आधी परवाना. विनापरवाना बोलणे तर सोडाच, असा संच नुसता जवळ बाळगणेही गुन्हा आहे. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते आणि अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर भरायचा असतो. वय किमान १२ वर्षे हवे. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. दोन्हींसाठी रेडिओचे तंत्र आणि नियम यांची परीक्षा असते. २००९ च्या सुधारित नियमांनुसार जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची संदेशलिपी, हीही यावी लागते. रिस्ट्रिक्टेडचे कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव) व्हीयू३ ने सुरू होते, जनरलचे व्हीयू२ ने.

श्रेणीचा खरेदीशी थेट संबंध आहे. रिस्ट्रिक्टेडला कमाल ५० वॉट आणि जनरलला ४०० वॉट शक्तीची मुभा आहे. त्यामुळे रिस्ट्रिक्टेडवाल्याने १०० वॉटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) संच घेतला, तरी तो ५० वर उतरवूनच चालवायचा. हे आधीच ठाऊक असले की पॉवर सप्लायही बेताचा घेता येतो.

द्राक्षबागेत किंवा ट्रेकला एकमेकांना हाक मारण्यापुरती ज्यांची गरज आहे, त्यांना हॅम परवान्याची आवश्यकता नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे वॉकीटॉकी आणि २७ मेगाहर्ट्झजवळचे ५ वॉटपर्यंतचे सिटिझन बँड संच परवानामुक्त आहेत. मात्र ऑनलाइन दिसणारी प्रत्येक स्वस्त हँडी, म्हणजे हातात धरायचा संच, या सवलतीत बसत नाही. १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे कुठेही लावता येणारी हँडी परवान्याशिवाय चालत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

डोंगर आणि लहरी

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. बँडची नावे लहरीच्या लांबीवरून पडतात. हौशींसाठीचा दोन मीटर बँड (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) आणि सत्तर सेंटिमीटर बँड (४३४ ते ४३८) यांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. उत्तर म्हणजे सपाट जमिनीवर मिळणारे किलोमीटर. हातात धरलेल्या दोन हँडींना या हिशेबाने कागदावर १० किलोमीटर मिळतात. सिडकोच्या गल्ल्यांत दोन-तीन मिळाले तरी समाधान मानावे. तेच दोन्ही अँटेना १५ मीटर उंचीवर असतील तर पल्ला ३२ किलोमीटरवर जातो. म्हणजे सातपूरच्या चार मजली इमारतीवरून ओझर आणि भगूर आवाक्यात येतात.

गोदाकाठ खोलगट आहे. रामकुंड आणि दुतोंड्या मारुतीच्या आसपास, जिथे पुराचे पाणी मारुतीच्या कुठवर आले यावर गावभर चर्चा होते, तिथे हँडीची गत फारशी बरी नसते. गंगापूर रोडच्या चढाला लागले की आवाज मोकळा होतो. पश्चिमेला अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि त्यामागे सह्याद्रीची मुख्य धार आहे. पेठ, हरसूल, सुरगाणा भागातल्या दऱ्या या बँडला जवळजवळ बंदच असतात आणि घरातून थेट मुंबई लागण्याची आशा धरू नये. पण हेच डोंगर पायाखाली घेतले की चित्र पालटते. इगतपुरी तालुक्याच्या सीमेवरचे कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तिथून कोकणाच्या बाजूचे रेडिओ क्षितिज १६५ किलोमीटरच्या पुढे जाते आणि मुंबई सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथे ५ वॉटची हँडी पुरते. डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरचे मर्म हेच. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, दोन मीटरमध्ये रिवाजाने ६०० किलोहर्ट्झ अंतरावर, पुन्हा बोलायचे.

एचएफ लहरींना मात्र डोंगरांची पर्वा नसते. चाळीस मीटर बँड (७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ) वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून परततो. अँटेना आठ-दहा मीटर उंचीवर असेल तर लहरी जवळपास सरळ वर जातात आणि छत्रीसारख्या भोवतीच्या तीन-चारशे किलोमीटरवर उतरतात. सुरगाण्याच्या दरीतला माणूस अशा वेळी दिवसाउजेडी पुण्याशी आरामात बोलतो. परदेश हवा असेल तर वीस मीटर बँड, विशेषतः संध्याकाळी युरोपसाठी.

संच

पहिला संच म्हणून हँडीच घेतली जाते आणि त्यात गैर काही नाही. फक्त तिच्याकडून घरच्या केंद्राचे काम होईल अशी अपेक्षा नको. स्वस्त हँडींचा रिसीव्हर एकाच चिपवर बेतलेला असतो. रबरी अँटेनावर तो बरा चालतो, पण गच्चीवरची मोठी अँटेना जोडली किंवा हँडी पांडवलेणीवर नेली की शहरातले सगळे जोरकस सिग्नल एकदम आत शिरतात आणि हवा तो आवाज बुडतो. शक्ती आणखी वाढवली तरी ऐकणे सुधारत नाही. घरासाठी गाडीत बसवायचा २५ ते ५० वॉटचा संच घ्यावा. रिसीव्हर भक्कम, माइक मोठा आणि स्पीकर ऐकू येण्याजोगा. याच पैशांत यापेक्षा चांगले काही मिळत नाही. डिजिटल आवाजाच्या पद्धती एकमेकींशी बोलत नाहीत. ज्यांच्याशी बोलायचे ते डीएमआर वापरतात की सी४एफएम, हे विचारल्याशिवाय डिजिटल संचावर पैसे टाकू नयेत.

एचएफमध्ये आयकॉम आयसी-७३०० किंवा येसू एफटी-८९१ सारखे १०० वॉटचे तयार संच नेहमी दिसतात. दुसरी वाट स्वतः जोडण्याची, आणि त्या वाटेवर भारताचे मोठे नाव आहे: हैदराबादचे अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचा बिटएक्स. २००३ च्या सुमारास आलेल्या या आराखड्यात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर होते आणि महागड्या रिंगांऐवजी नळाच्या वायसरवर कॉइल गुंडाळलेल्या होत्या. पुढे त्याचे बिटएक्स-४० आणि सर्व एचएफ बँडचा मायक्रोबिटएक्स असे अवतार निघाले. सुटे भाग नाशिकमध्ये अडले तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. कॉलेजातल्या मुलाने पहिला एचएफ संच विकत घेण्यापेक्षा जोडावा. बिघडला तर उघडायची भीती राहत नाही.

अँटेना

चाळीस मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन बाजूंची तार, हा घरी करण्याजोगा सर्वांत फायदेशीर प्रकार आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते, ७.१ ला ती साधारण २० मीटर, म्हणजे एकेक बाजू १०. घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार चालते. प्रत्येक बाजू १०.३ मीटर कापावी, मधला भाग पाण्याच्या टाकीशेजारच्या जीआय पाइपवर नऊ-दहा मीटर उंच बांधावा आणि दोन्ही टोके उलट्या ‘व्ही’सारखी खाली ओढावीत. टोकांवर बोलताना बराच व्होल्टेज असतो, म्हणून ती डोक्यावरून जातील इतकी उंच ठेवावीत. आता मीटर लावायचा. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते एसडब्ल्यूआर या आकड्यावरून कळते, तो १ च्या जितका जवळ तितका चांगला. एसडब्ल्यूआर ६.९ मेगाहर्ट्झला सर्वांत कमी आला, तर तार लांब आहे. दोन्ही बाजूंनी १० सेंटिमीटर कमी केले की ती जागा सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकते. कापण्याआधी टोक मागे दुमडून बघावे, कारण कापलेली तार वाढत नाही. १.५ पर्यंतचा आकडा उत्तम. २ ला शक्तीचा सुमारे ११ टक्के भागच परत येतो, त्यासाठी रात्री जागण्याचे कारण नाही.

दोन मीटरसाठी ४९ सेंटिमीटरची उभी काडी आणि खाली तिरक्या चार काड्या, एवढ्यावर भागते. ती टाकीच्या वर हवी, टाकीला टेकून नको. सोसायटीत कमिटीची लेखी परवानगी आधीच काढून ठेवावी. केबल लिफ्टच्या डक्टमधून नेण्यावरून होणारे वाद अँटेनाच्या वादांपेक्षा जास्त चिवट असतात. ओझर विमानतळ आणि गांधीनगरचा लष्करी तळ यांच्या आसपास उंच मनोरा उभारायचा असेल तर उंचीची मर्यादा आधी तपासावी.

केबल

सर्वांत जास्त शक्ती वाया जाते ती इथे. नेहमीच्या आरजी-५८ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल घट होते. तिसऱ्या मजल्यावरच्या शॅकपासून गच्चीपर्यंत २० मीटर लागले, तर ४ डेसिबल गेले. म्हणजे संचातून निघालेल्या ५० वॉटपैकी अँटेनाला २० पोहोचले आणि ३० वॉटने केबल तापवली. सत्तर सेंटिमीटरला तर ५ वॉटचा जेमतेम एक वॉट उरतो. जाडजूड आरजी-२१३ वापरली की दोन मीटरला त्याच अंतरात तिसरा हिस्साच जातो. चाळीस मीटरला हा फरक नगण्य असल्याने एचएफवाल्याने आरजी-५८ खुशाल वापरावी. बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि केबल खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा. पाणी तिथून गळून जाते. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या पावसात हा वळसा नसेल तर पाणी केबलच्या कडेने थेट संचापर्यंत येते.

वीज, अर्थिंग आणि खरखर

संच १३.८ व्होल्टवर चालतात. ५० वॉटच्या एफएम संचाला बोलताना १० ते १२ अँपिअर आणि १०० वॉटच्या एचएफ संचाला २० हून अधिक लागतात. वायर जाड आणि आखूड घ्यावी, दोन्ही तारांत फ्यूज बॅटरीजवळ बसवावेत. केंद्र आपत्तीत उपयोगी पडावे असे वाटत असेल तर ते बॅटरीवरच चालवायची सवय ठेवावी. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी मोबाइल नेटवर्कवर ताण येईल, तेव्हा चार्जर शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

अर्थिंगचा प्रश्न जमिनीवर अवलंबून आहे. निफाडकडच्या काळ्या मातीत सळई सहज जाते आणि ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की संपर्क सुटतो. शहरात बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम आणि काळा बसाल्ट लागतो. तिथे एकाच खोल खड्ड्यापेक्षा थोड्या अंतरावर दोन-तीन सळया जोडलेल्या बऱ्या. वळवाच्या पावसाआधी आभाळ भरून आले की केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर टाकावी. वीज अडवण्याची उपकरणे मिळतात. त्यांच्या भरवशावर केबल जोडलेली ठेवू नये.

नवीन केंद्रात एचएफवर सतत खरखर ऐकू आली तर दोष अँटेनाला देण्याची घाई करू नये. संच बॅटरीवर चालू ठेवावा आणि घरचे एमसीबी एकेक करून पाडावेत. एलईडी दिवा, इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर यांपैकी कुणीतरी सापडतोच. शेतावर सोलर पंपाचा कंट्रोलर आणि ड्रिपच्या मोटरचा ड्राइव्ह ही नेहमीची कारणे. द्राक्षाच्या मांडवाच्या शेकडो मीटर लोखंडी तारा जवळ असतील तर अँटेना त्यांना समांतर बांधू नये, शक्यतो आडवी काढावी.

देखभालीचे वेळापत्रक नाशिकच्या पंचांगाप्रमाणे ठरते. मृगाआधी कनेक्टर आणि ताणाचे दोर तपासायचे, कारण साधा नायलॉन दोर एका उन्हाळ्यातच कुजतो. संक्रांत झाली की पुन्हा गच्चीवर जायचे. येवल्याचा पतंगोत्सव प्रसिद्ध असला तरी मांजा जिल्हाभर अडकतो, आणि डायपोलच्या बारीक तारेवर लोंबणारे चार-पाच पतंग वाऱ्याने ती तोडतात. मांजा खालून ओढू नये. तारेचे टोक सोडून ती खाली घ्यावी, कात्रीने मांजा कापावा आणि तार वर चढवल्यावर एसडब्ल्यूआर पुन्हा मोजावा.