‘दो आँखें बारह हाथ’मागचं स्वतंत्रपूर

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला. खुनाच्या गुन्ह्यातले सहा कैदी, त्यांना तुरुंगाबाहेर काढून माणसात आणू पाहणारा एक जेलर आणि गवताची काडीही धड न उगवणारा माळ. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं आणि ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ शाळाशाळांच्या प्रार्थनेत जाऊन बसलं. सातारा-सांगलीकडे जुन्या सिनेमांच्या जागा धुंडाळणाऱ्यांच्या गप्पांत या चित्रपटाचा विषय निघाला की हा सिनेमा आटपाडीचा, असं कुणीतरी म्हणतंच. कथेपुरतं ते अगदी बरोबर आहे. कॅमेरा नेमका कुठे उभा होता हा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते दुय्यम. कारण या चित्रपटातला माळ आधी प्रत्यक्षात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीत नांगरला गेला होता, तोही कैद्यांच्याच हातांनी.

ती गोष्ट औंध संस्थानची. औंध म्हणजे सलग मुलूख नव्हता. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी आणखी तिसरीकडे, असे तुकडे इंग्रजी हद्दीत विखुरलेले. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी लोकांना आठवतात ते सूर्यनमस्कारांमुळे आणि औंधच्या चित्रसंग्रहालयामुळे. पण त्यांचं खरं धाडस १९३९ मधलं. गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून त्यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवला. संस्थानिक मंडळी एकेक अधिकार दातांनी धरून बसली होती, त्या काळात हे घडलं. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यात होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअरही. फ्रीडमन बंगळूरची नोकरी सोडून गांधीजींच्या मागे लागलेला, भारतानंद हे नाव घेतलेला माणूस. (पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणारा तो हाच.)

कैद्यांना तटाच्या आत कोंडून ठेवण्यापेक्षा त्यांना जमीन द्यावी, बायकामुलं बरोबर राहू द्यावीत आणि पहाऱ्याऐवजी शब्दावर विश्वास ठेवावा, ही कल्पना फ्रीडमनची. राजाने ती उचलून धरली आणि आटपाडीजवळच्या उजाड जागेवर वसाहत उभी राहिली. तिचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. जन्मठेपेच्या कैद्यांच्या वस्तीला असं नाव द्यायला छाती लागते. औंध संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, बाकीचे प्रयोग हळूहळू फायलींत गेले. स्वतंत्रपूर मात्र टिकलं. आजही ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत आहे, आणि कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात.

ही हकिगत पडद्यापर्यंत पोचली ती ग. दि. माडगूळकरांमुळे. चित्रपटाची कथा त्यांची. गदिमांचा जन्म १९१९ चा, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. वडील औंध संस्थानच्या नोकरीत कारकून. म्हणजे स्वतंत्रपुराची गोष्ट त्यांना कुठल्या अहवालातून शोधून काढावी लागली नाही, ती त्यांच्या घरच्या अंगणापलीकडची होती. शांतारामबापू कोल्हापूरचे. त्यांनाही माणदेशाचा हा कोरडा मुलूख नवा नव्हता.

पडद्यावर येताना गोष्ट बरीच बदलली. प्रत्यक्षात होतं एका संस्थानाचं धोरण, चित्रपटात झाला एकटा आदर्शवादी जेलर. प्रत्यक्षात कैद्यांबरोबर त्यांचे संसार होते, चित्रपटात बाई म्हणून ठळक दिसते ती खेळणी विकणारी चंपा. तिचं काम संध्याबाईंनी केलं. शेवटी बैल जेलरला तुडवतात तो प्रसंगही नाट्याची गरज म्हणून आलेला. त्या बैलाच्या झुंजीत, जेलरचं काम स्वतः करणाऱ्या शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखरीची जबर इजा झाली होती. मला मात्र चित्रपटातला सर्वांत माणदेशी भाग बाजाराचा वाटतो. कैदी स्वतः पिकवलेली भाजी दलालाला टाळून स्वस्तात विकायला बसतात आणि व्यापाऱ्यांचं पित्त खवळतं. माल घेऊन बाजारात गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आता जागा शोधणाऱ्यांची खरी अडचण. जुन्या कागदांत आटपाडी सांगली जिल्ह्यात सापडणार नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० च्या नोव्हेंबरात. म्हणजे चित्रपट लागला तेव्हा आटपाडी दक्षिण साताऱ्यात होती आणि वसाहत सुरू झाली तेव्हा औंध संस्थानात. त्यामुळे कुणी ‘साताऱ्याजवळचं औंध’ लिहितो, कुणी ‘सांगलीतलं आटपाडी’, आणि वाचणाऱ्याला वाटतं ही दोन वेगवेगळी ठिकाणं. शिवाय औंध हे गाव आजही सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. तिथे जाऊन खुल्या तुरुंगाची चौकशी केली तर लोक कोड्यात पडणारच.

दुसरी अडचण जमिनीची. वाळवंटातल्या चित्रपटांचंही असंच होतं. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’मधला जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला आजही जाऊन ओळखता येतो, पण उंट धावले ती वाळू कुणी दाखवू शकणार नाही. माणदेशाचा माळ काही वाऱ्याने उडून जात नाही, त्याला पाण्याने बदललं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आटपाडीच्या वाट्याला पाचशेही धड येत नाही. डोंगराने ढग अडवले की पुढे उरतो तो कोरडा वारा. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार, मेंढरांचे कळप, बाजरी हे सगळं त्या कोरडेपणातूनच आलेलं. पण टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी उचलून या बाजूला आणलं, त्याआधीपासून डाळिंबाच्या बागाही उभ्या राहिल्या होत्याच. पन्नासच्या दशकातलं कृष्णधवल चित्र हातात धरून आज कुणी आटपाडीच्या शिवारात उभा राहिला, तर जुळवायचं कशाशी हाच प्रश्न पडेल.

याउलट वाईचं. तिथे जागा शोधणं म्हणजे पोरखेळ आहे, कारण तिथले दगड जागचे हललेले नाहीत. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ. शेजारी टांगलेल्या घंटेवर येशूला कडेवर घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधली ही घंटा इकडे आली. एवढी ठळक खूण फ्रेमच्या कोपऱ्यात दिसली तरी जागा पक्की होते. गंमत अशी की या घाटाने पडद्यावर स्वतःचं नाव क्वचितच लावलं. ‘स्वदेस’मध्ये तो उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाला. वाई ‘गंगाजल’मध्ये बिहारचं तेजपूर झाली, तर ‘दबंग’मध्ये लालगंज.

वाईला एवढं भाग्य का आणि माणदेशाला का नाही, याची कारणं साधी आहेत. मुंबई-पुण्याकडून येणारा महामार्ग जवळ, पसरणीचा घाट चढला की पाचगणीची हॉटेलं, नदीला पाणी, आणि वाडे-घाट-देवळं एकाच हाकेच्या अंतरावर. शंभर-दोनशे माणसांचं युनिट सांभाळायचं तर एवढं लागतंच. आटपाडीने गोष्ट दिली, लेखक दिला, पण ही सोय तिच्याकडे कधी नव्हती. सिनेमाच्या नकाशावर वाई ठळक आणि स्वतंत्रपूर जवळजवळ पुसट, ते यामुळे. मला हा अन्याय वाटतो. वाईने दुसऱ्यांची गावं उत्तम वठवली हे खरं, पण स्वतंत्रपुरात जे घडलं ते कुणी वठवलेलं नव्हतं.

जायचंच असेल तर साताऱ्याकडून दहिवडी, म्हसवड, दिघंची करत आटपाडी गाठता येते, सांगलीकडून विट्यावरून. मात्र स्वतंत्रपूर म्हणजे स्मारक नाही. तिथे शिक्षा भोगणारी माणसं बायकामुलांसह राहतात, म्हणून कारागृह प्रशासनाची परवानगी आधी काढावी आणि परवानगी मिळाली तरी माणसांवर मोबाइल रोखू नये. परवानगीचं जमलं नाही तर वाटेत वळून औंधचं संग्रहालय पाहावं. हा प्रयोग करणारा राजा कसा होता, ते तिथल्या भिंतींवर पुरेसं दिसतं.